‘देव म्हणतो’ हे शब्द कधी उच्चारावेत?

एका तरुण बंधूंचा प्रश्न आहे. दोन वर्षांपासून ते आपल्या मंडळीत अधूनमधून वचन सांगतात. १ पेत्र ४:११ वाचल्यापासून त्यांच्या मनात धाकधूक आहे, कारण जो बोलतो त्याने देवाची वचने बोलत असल्यासारखे बोलावे, असं तिथं म्हटलं आहे. ते विचारतात: मी बोलतो त्यातलं देवाचं किती आणि माझं किती, हे कसं ओळखायचं? भक्ती संपल्यावर लोक येऊन “आज देव तुमच्या मुखातून बोलला” म्हणतात, तेव्हा काय करायचं? आणि कुणी घरी बोलावून “देव आमच्याविषयी काय म्हणतो ते सांगा” असा आग्रहच धरला तर?

बंधू, तुम्हाला भीती वाटते हे वाचून मला बरं वाटलं. ती जपा. तीसेक वर्षं मी वचनाची सेवा करतो आहे, आणि ज्या दिवशी ही भीती माझ्याजवळ नव्हती त्याच दिवशी माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली. ती आधी सांगतो.

सेवेत येऊन चार-पाच वर्षं झाली होती. मंडळीतले एक गृहस्थ कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. मी घरी गेलो, यशयाचा ५३ वा अध्याय वाचला, प्रार्थना केली. प्रार्थनेत मला भरून आलं, आणि उठता उठता मी त्यांच्या पत्नीला म्हणालो, “ताई, देवाने मला सांगितलंय, हे या आजारातून उठणार. खात्री बाळगा.” देवाने मला असं काहीही सांगितलं नव्हतं. तसं व्हावं अशी माझी फार इच्छा होती, आणि त्या इच्छेचा जोर इतका होता की मी तिलाच देवाचा आवाज समजलो. पाच आठवड्यांनी ते प्रभूमध्ये निजले. ताईंनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. वर्षभराने, दुसऱ्याच कशावरून तरी बोलणं निघालं तेव्हा त्या म्हणाल्या, “शेवटच्या दिवसांत ते दोन-तीनदा काहीतरी सांगायला लागले होते. मुलांबद्दल असावं. मी प्रत्येक वेळी त्यांना गप्प केलं. म्हटलं, असलं बोलू नका, पास्टरांनी सांगितलंय तुम्ही उठणार. मग ते राहूनच गेलं.”

विश्वास वाढावा म्हणून मी ते बोललो होतो. आणि माझ्या त्या एका वाक्यामुळे एका माणसाचं शेवटचं बोलणं त्याच्या तोंडातच राहिलं. त्या रात्री मी यिर्मया २३ उघडला, आणि तेव्हापासून तो अध्याय दरवर्षी निदान दोनदा तरी गुडघ्यांवर वाचतो. तुम्हीही वाचा. खोट्या संदेष्ट्यांविषयी तिथं जे लिहिलं आहे ते वाचताना आपल्याला दुसरे कुणीतरी आठवतात. मला त्या रात्री पहिल्यांदाच त्यात मी दिसलो. मी त्यांना पाठवलं नव्हतं तरी ते धावले, असं परमेश्वर म्हणतो. ते आपल्या मनातला दृष्टान्त सांगतात. आपलीच जीभ चालवतात आणि वर ‘परमेश्वराची वाणी’ असं म्हणतात. याच अध्यायाच्या २८ व्या वचनात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ज्याला स्वप्न पडलं त्याने ते स्वप्न म्हणून सांगावं, आणि ज्याच्याजवळ माझं वचन आहे त्याने ते सत्यतेने सांगावं. भुसा आणि गहू यांचा काय संबंध?

हे वचन नीट बघा. स्वप्न सांगायला इथं बंदी केलेली नाही. स्वप्न आहे तर ‘स्वप्न’ म्हणून सांग, एवढंच म्हटलं आहे. दोन्हींना आपापलं नाव द्यायचं आहे. मला वाटतं, व्यासपीठावरच्या विश्वासूपणाचा बराचसा भाग यातच आला. वाक्य कितीही चांगलं असू द्या, ते कुणाचं आहे हे खरं सांगता आलं पाहिजे. ‘देव म्हणतो’ ही दुसऱ्याची सही आहे. आपण लिहिलेल्या कागदावर, मजकूर कितीही हिताचा असला तरी, दुसऱ्याची सही करायचा अधिकार आपल्याला नाही.

पौलाने हे कसं पाळलं ते १ करिंथ ७ मध्ये दिसतं. लग्नाविषयी लिहिताना १० व्या वचनात तो म्हणतो की ही आज्ञा माझी नाही, प्रभूची आहे. कारण नवराबायकोंनी वेगळं होऊ नये हे येशूने स्वतः शिकवलं होतं. दोनच वचनं पुढे जाऊन, एक जोडीदार विश्वासात आणि दुसरा नाही अशा घरांविषयी तो म्हणतो, हे मी सांगतो, प्रभू नाही. २५ व्या वचनात कुमारिकांविषयी: प्रभूची आज्ञा मला मिळालेली नाही, मी माझं मत देतो. आणि अध्यायाच्या शेवटी, मलाही देवाचा आत्मा आहे असं मला वाटतं. हा माणूस प्रेषित आहे. त्याचं हे पत्र पुढे शास्त्रलेख म्हणून मंडळीने स्वीकारलं. तरीही एकाच अध्यायात तो तीन ठिकाणी थांबून सांगतो की हे कुठून आलं. त्याला जर हे करावंसं वाटलं, तर शनिवारी रात्री तयारी करून रविवारी उभे राहणारे आपण न करून कसं चालेल?

आता कामाचं. तुम्ही संदेश लिहून काढत असाल तर समासात पेन्सिलीने तीन खुणा करायला लागा. मी वाक्याशेजारी ‘व’, ‘अ’ किंवा ‘मा’ लिहितो. ‘व’ म्हणजे वचन हे सरळ म्हणतं. उताऱ्यावर बोट ठेवून दाखवता येतं. ‘अ’ म्हणजे अनुमान. वचनावरून मी काढलेला निष्कर्ष, ज्याच्या मधल्या पायऱ्या मला ऐकणाऱ्याला दाखवाव्या लागतील. ‘मा’ म्हणजे माझं. माझा अनुभव, माझा सल्ला, माझी आवड. तिन्हींना संदेशात जागा आहे. मात्र ‘मा’ची खूण असलेलं वाक्य ‘व’च्या आवाजात बोलायचं नाही.

एक उदाहरण करून दाखवतो. मार्क ४ मधलं वादळ घ्या. या उताऱ्यावर माझा एक जुना संदेश आहे, त्यातली वाक्यं अशी. ‘येशू उशाला उशी घेऊन निजला होता.’ व. ‘शिष्यांना वाटलं की त्याला आपली काळजी नाही.’ व, ते तसं म्हणालेच. ‘वारा आणि समुद्र त्याचं ऐकतात, म्हणजे सृष्टीवर त्याची सत्ता आहे.’ अनुमान, पण पक्कं. शिष्यांचा प्रश्नच तिकडे नेतो. ‘तुमच्या मचव्यात येशू असेल तर तुमच्या जीवनातलं प्रत्येक वादळ तो शमवील.’ या वाक्यापाशी मी पूर्वी कधीच थांबलो नव्हतो. लोक नेमकं याच वाक्याला ‘आमेन’ म्हणायचे. पेन्सिल हातात आली तेव्हा कळलं की इथं ‘व’ लिहिता येत नाही. मार्क सांगतो की त्याने ते वादळ शमवलं. प्रत्येक वादळ शमवीन असं वचन प्रभूने त्या उताऱ्यात कुणालाही दिलेलं नाही.

मग मी प्रेषितांची कृत्ये २७ काढला. तिथंही समुद्र, तिथंही वादळ, आणि तारवावर देवाचा माणूस. चौदा दिवस ते वादळ शमलं नाही. देवाच्या दूताने पौलाला सांगितलं की तुझ्याबरोबर प्रवास करणाऱ्या सगळ्यांचे प्राण तुला दिले आहेत. पौलाने ते जसंच्या तसं पोचवलं, आणि एक कटू गोष्टही गाळली नाही: कुणाच्या जिवाची हानी होणार नाही, तारवाची मात्र होईल. दोनशे शहात्तर माणसं होती. काही पोहून, काही फळ्यांवर आणि तारवाच्या तुकड्यांवर मिलिता बेटाच्या किनाऱ्याला लागली, तारू फुटलं. पौलाने “घाबरू नका, तारूही वाचेल” असं म्हटलं असतं, तर त्या दिवशी लोकांना जास्त धीर आला असता, आणि तारू फुटताना दूताच्या खऱ्या शब्दावरचाही त्यांचा भरवसा उडाला असता. मी तो संदेश पुन्हा लिहिला. आता त्यात फुटणारं तारूही आहे. ‘आमेन’ कमी येतं. पण ज्यांची तारवं फुटली आहेत असे लोक नंतर येऊन बराच वेळ बोलत बसतात.

अशी वाक्यं आपल्याकडे पुष्कळ रुळली आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांच्याशेजारी अध्याय-वचनाचा आकडाही असतो. आकडा आहे म्हणून ते ‘वचन’ आहे असं आपण धरून चालतो. ईयोब ८:७ घ्या. तुझा आरंभ अल्प असला तरी तुझा शेवट भरभराटीचा होईल, अशा अर्थाचं ते वचन आहे. कुणी नवीन काम सुरू केलं, नवं घर घेतलं, की हे वचन आशीर्वाद म्हणून वाचलं जातं. ते बोललं कोण? ईयोबाच्या तीन मित्रांपैकी एक, बिल्दद. ईयोबाची दहा मुलं एका दिवशी मेली होती, आणि या बिल्ददाने त्याला ऐकवलं की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, त्याचं त्यांना फळ मिळालं. तू शुद्ध असशील तर बघ, देव तुझी भरभराट करील. पुढे ४२ व्या अध्यायात देव एलीफजाला सांगतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, आणि त्याचा कोप त्यांच्यावर भडकला आहे. ज्याच्या बोलण्यावर देवाने नापसंतीचा शिक्का मारला त्याचं वाक्य आपण देवाचं आश्वासन म्हणून वाचतो. ईयोबाचा शेवट खरोखरच भरभराटीचा झाला, हे खरं. पण बिल्ददाचा हिशेब त्यामुळे बरोबर ठरत नाही.

यिर्मया २९:११ तर सगळ्यांना पाठ आहे. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. हे खरंच देवाचं बोलणं आहे. पण ते बाबेलात बंदिवान झालेल्यांना पाठवलेल्या पत्रात आहे, आणि त्याच्या आधीचं वचन म्हणतं की बाबेलची सत्तर वर्षं पूर्ण झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. ते पत्र हातात घेणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला कळलं असणार की आपण परत जाणार नाही. घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, असं त्या पत्रात सांगितलं आहे. आणि ८ व्या-९ व्या वचनांत काय आहे? तुमच्यातले संदेष्टे माझ्या नावाने खोटं सांगतात, त्यांच्या नादी लागू नका. म्हणजे खोट्या आशेविरुद्ध लिहिलेल्या पत्रातून आपण एक वचन उचलतो, आणि परीक्षेला बसलेल्या मुलाला ‘तू पास होणार’ असं सांगण्यासाठी वापरतो. त्या मुलाला त्या वचनात काहीच नाही का? आहे. देव आपल्या लोकांना शिस्त लावतानाही त्यांना विसरत नाही, हे आहे. तेवढं सांगा. पुष्कळ आहे ते.

आणखी एक, कारण दुःखाच्या घरी हे फार बोललं जातं. ‘देव सोसवेल त्यापेक्षा जास्त दुःख देत नाही.’ लोक १ करिंथ १०:१३ मनात धरून हे म्हणतात. ते वचन मोहात पडण्याविषयी आहे, आणि त्यात निभावून जाण्याचा मार्गही सांगितला आहे. दुःखाविषयी बोलताना तोच पौल २ करिंथ १:८ मध्ये लिहितो की आशियात आमच्यावर शक्तीपलीकडे भार पडला, इतका की जगण्याचीही आशा राहिली नव्हती. ज्या आईचं लेकरू गेलं आहे तिला ‘सोसवेल तेवढंच’ असं सांगितलं, तर ती मनात म्हणते, मला तर सोसवत नाही, म्हणजे माझ्या विश्वासातच खोट आहे. २ करिंथातलं वाक्य तिला वाचून दाखवलं तर पौल तिच्या शेजारी येऊन बसतो.

वचनात भर घालायची खोड नवी नाही. एदेन बागेत देवाने सांगितलं होतं की त्या झाडाचं फळ खाऊ नको. सर्पाने विचारलं तेव्हा हव्वेने उत्तर दिलं, खाऊ नका आणि शिवूही नका. ‘शिवू नका’ हे उत्पत्ति २ मध्ये नाही. कदाचित आदामाने जास्तीची काळजी म्हणून सांगितलं असेल, कदाचित तिचंच असेल. मी त्यावर बोलणार नाही, कारण शास्त्र बोलत नाही. पण कुंपणाला कुंपण घालण्याची ही सवय मंडळ्यांत किती आहे ते तुम्ही पाहिलंच असेल. नियम हिताचा असतो. मग तो ‘आमच्या मंडळीचा नियम’ म्हणून सांगा. मुलांना मोठेपणी कळतं की हा तर पवित्र शास्त्रात नव्हताच, आणि मग ती बाकीच्यावरही शंका घेऊ लागतात.

योहान २१ चा शेवट मला या बाबतीत फार महत्त्वाचा वाटतो. येशूची ज्याच्यावर प्रीती होती त्या शिष्याकडे पाहून पेत्राने विचारलं, याचं काय? मी येईपर्यंत त्याने राहावं अशी माझी इच्छा असली तर तुला त्याचं काय, असं येशू पेत्राला म्हणाला. एवढ्यावरून बंधुवर्गात बोलवा झाली की तो शिष्य मरणार नाही. शुभवर्तमान लिहिणारा तिथं थांबतो आणि दुरुस्ती करतो: तो मरणार नाही असं येशू म्हणाला नव्हता, ‘इच्छा असली तर’ असं म्हणाला होता. आणि मूळ वाक्य तो पुन्हा, शब्दन् शब्द लिहितो. ही बोलवा पसरवणारे कुणी शत्रू नव्हते. प्रभूवर प्रेम करणारे लोक होते, पहिल्याच पिढीतले. ‘असली तर’ तेवढं गळालं, आणि प्रभूच्या नावावर एक वचन तयार झालं जे त्याने दिलंच नव्हतं.

शब्द बरोबर असूनही निरोप बिघडू शकतो, हे मला फार उशिरा कळलं. गणना २० मध्ये लोक पाण्यासाठी कुरकुर करतात. परमेश्वर मोशेला सांगतो, काठी घे, मंडळी जमव आणि खडकाला बोल. त्या आज्ञेत रागाचा एकही शब्द नाही. मंडळीला आणि गुरांना पाणी पाज, एवढंच आहे. मोशे जाऊन म्हणतो, ऐका बंडखोरांनो, आम्ही तुमच्यासाठी या खडकातून पाणी काढावं काय? आणि खडकावर दोनदा काठी मारतो. पाणी भरपूर आलं, लोक प्याले. तरीही लोकांसमोर तुम्ही मला पवित्र मानलं नाही, असं म्हणून परमेश्वराने मोशे आणि अहरोन यांना वचनदत्त देशात जाऊ दिलं नाही. स्तोत्र १०६ मध्ये या प्रसंगाविषयी म्हटलं आहे की तो आपल्या तोंडाने अविचाराने बोलला. मला यातून जे कळतं ते असं, आणि हे अनुमान आहे: देव त्या दिवशी तहानलेल्यांना पाणी पाजत होता, आणि लोकांना मात्र संतापलेला देव दिसला, कारण त्याचा प्रतिनिधी संतापला होता. मंडळीतल्या कुणावर तरी आठवडाभर धुमसत राहून रविवारी त्याच विषयाचा उतारा निवडणं हे मी केलं आहे. उतारा बरोबर होता, अर्थही बरोबर होता, आवाज माझा होता. आता एखाद्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून संदेश तयार होतोय असं लक्षात आलं, तर तो उतारा मी बाजूला ठेवतो आणि आधी त्या माणसाला भेटून येतो.

आणि याच्या उलट, भीतीने गाळणं. १ राजे २२ तुम्हाला माहीत आहेच. अहाबाच्या दरबारात चारशे संदेष्टे एका सुरात सांगत होते की रामोथ-गिलादवर चढाई करा, यश येईल. मीखाया नावाच्या आणखी एका संदेष्ट्याला आणायला गेलेला माणूस त्याला समजावतो की सगळ्यांनी राजाला चांगलंच सांगितलं आहे, तुझंही बोलणं त्यांच्यासारखंच असू दे. मला चारशे जणांपेक्षा या निरोप्याची जास्त भीती वाटते. तो शत्रुत्वाने बोलत नाही. मीखायाचं भलंच चिंततो तो. आपल्यालाही असा कुणीतरी दाराशीच भेटतो: “पास्टर, आज अमके आले आहेत, जरा सांभाळून.” मीखाया म्हणाला, परमेश्वराच्या जीवाची शपथ, परमेश्वर मला सांगेल तेच मी बोलेन. त्याला गालावर चपराक मिळाली, आणि कैदेत त्रासाची भाकर आणि त्रासाचं पाणी मिळालं. शास्त्र त्याची नंतरची हकीकत सांगत नाही. तो सुटला की नाही तेही नाही.

गाळणं बहुतेक वेळा इतकं नाट्यमय नसतं. आवडते उतारे पुन्हा पुन्हा घ्यायचे आणि नावडत्यांना कधी हात लावायचा नाही, की झालं. पौल मिलेत येथे इफिसच्या मंडळीतल्या वडीलजनांना सांगतो की देवाचा संपूर्ण मनोदय सांगण्यात मी कसूर केली नाही. त्यावर मला एकच उपाय सापडला: एक पुस्तक घ्यायचं आणि पहिल्या वचनापासून शेवटच्यापर्यंत रविवारमागून रविवार जायचं. मग पैशाविषयीचं वचन आलं की ते आलं म्हणून घ्यावं लागतं, आणि तुम्ही कुणावर निशाणा धरला असंही कुणाला वाटत नाही.

“आज देव तुमच्या मुखातून बोलला” असं कुणी म्हटलं, तर त्यांना प्रेमाने विचारा, “कुठल्या वचनातून?” मी हे नेहमी विचारतो. त्यांनी उताऱ्यातलं वचन सांगितलं तर खरोखर आनंद करा. देव आपल्या वचनातून बोलला आहे. त्यांनी तुमचा एखादा किस्सा किंवा सुविचार सांगितला, तर घरी गेल्यावर त्या संदेशाकडे पुन्हा बघा. बिरुयाच्या लोकांनी पौलाचं बोलणं मोठ्या उत्सुकतेने ऐकलं आणि मग रोज शास्त्र शोधून पाहिलं की हे असंच आहे का. प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक त्यांना थोर मनाचे म्हणतो. तुमच्या मंडळीत असं उघडून पाहणारं कुणी असेल, आणि ते थोडं बोचरं वाटत असेल, तरी त्या व्यक्तीला जपा.

आणि चुकलात तर? नाथानाकडे बघा. दावीद त्याला म्हणाला, मी गंधसरूच्या घरात राहतो आणि देवाचा कोश तंबूत आहे. नाथान लगेच म्हणाला, तुमच्या मनात आहे ते करा, परमेश्वर तुमच्याबरोबर आहे. चांगला हेतू, चांगला राजा, चांगला संदेष्टा. पण देवाला विचारलंच नव्हतं. त्याच रात्री परमेश्वराने त्याला सांगितलं की दावीद मंदिर बांधणार नाही. नाथान गेला आणि सगळं जसंच्या तसं दावीदाला सांगितलं. राजापुढे आपलाच शब्द मागे घ्यावा लागला. मीही आता पुढच्या रविवारी, संदेशाच्या आधी, उभा राहून सांगतो: मागच्या वेळी मी अमुक म्हणालो, ते या उताऱ्यात नाही, माझी चूक झाली. पहिल्यांदा पाय थरथरले होते. लोकांचा भरवसा कमी होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच, ते बायबल उघडून ऐकू लागले.

आता शेवटचा प्रश्न, घरी बोलावून विचारणाऱ्यांचा. लग्न ठरवू का, नोकरी सोडू का, हा आजार जाईल का. आत्म्याच्या वरदानांविषयी मंडळ्यामंडळ्यांत वेगवेगळी मतं आहेत, आणि त्या वादात मी इथं जात नाही. पण जे आजही भविष्यवाणीचं दान मानतात त्यांच्यासाठीही १ करिंथ १४:२९ आहे: दोघा-तिघांनी बोलावं, आणि इतरांनी पारख करावी. म्हणून तुमच्या मनात काही प्रबळपणे येत असेल तर ‘मला असं वाटतं, तुम्ही वचनाशी ताडून पाहा, वडीलजनांशी बोला’ असं म्हणा. ‘देवाने मला सांगितलं’ म्हटलं की समोरच्याला पारख करायची सोय राहत नाही. तो आता तुमच्याशी असहमत होऊ शकत नाही. देवाशीच भांडावं लागेल. एखाद्या मुलीला ‘हेच स्थळ देवाने तुझ्यासाठी ठेवलंय’ असं सांगितलं, तर तिने नकार कुणाला द्यायचा?

जे सांगितलेलं आहे ते मात्र भरभरून सांगा. आजाऱ्याच्या खाटेशी मी आता रोम ८ वाचतो: मरण किंवा जीवन, काहीही आपल्याला ख्रिस्तातल्या देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही. बरं होण्यासाठी प्रार्थना करतो, मोठ्याने आणि मनापासून. आणि मग आजाऱ्याला विचारतो, “तुम्हाला घरच्यांशी काही बोलायचं आहे का? मी थोडा वेळ बाहेर बसतो.”

कधीकधी हातात उत्तरच नसतं. तेव्हा यिर्मया ४२ आठवा. यरुशलेम पडलं आहे, उरलेसुरले लोक घाबरलेले आहेत, मिसरला पळावं का असं ते यिर्मयाला विचारतात आणि देव सांगेल ते ऐकू अशी शपथ घेतात. यिर्मया म्हणतो, मी प्रार्थना करतो. परमेश्वर जे उत्तर देईल ते सांगेन, काही राखून ठेवणार नाही. आणि मग दहा दिवस वचन येत नाही. चाळीसेक वर्षं सेवा केलेला संदेष्टा. त्याला देवाचं मन एव्हाना पुरेसं माहीत होतं. पहिल्याच दिवशी त्याने अंदाजाने उत्तर दिलं असतं तर कदाचित ते बरोबरही आलं असतं. पण तो दहा दिवस गप्प राहिला. दहा दिवसांनी वचन आलं तेव्हा त्याने लहानापासून थोरापर्यंत सगळ्यांना बोलावून सांगितलं: इथंच राहा, मिसरला जाऊ नका. ते म्हणाले, तू खोटं बोलतोस. ते मिसरला गेले आणि त्यालाही बरोबर घेऊन गेले. तहपन्हेस इथं पोचल्यावर परमेश्वराचं वचन त्याला पुन्हा प्राप्त झालं, आणि त्याने तेही त्यांना सांगितलं.